एका स्पेसने नापास

रुबी या प्रोग्रामिंगच्या भाषेची नवी आवृत्ती दरवर्षी नाताळच्या दिवशी निघते. युकिहिरो मात्सुमोतो यांनी जपानमध्ये जन्माला घातलेल्या या भाषेचा हा जुना शिरस्ता. २५ डिसेंबर २०२४ रोजी ३.४ ही आवृत्ती त्याच शिरस्त्याने बाहेर पडली. तिच्यातला एक बदल इतका बारीक होता की तो दिसायला चष्मा लागावा. कोडमध्ये अस्तित्वात नसलेल्या मेथडला कोणी हाक मारली की रुबी तक्रार छापते आणि त्या तक्रारीत मेथडचं नाव अवतरणचिन्हांत घालते. इतकी वर्षं त्यातलं डावीकडचं चिन्ह तिरपं असायचं. की-बोर्डवर एकच्या डावीकडे, एस्केपच्या खाली असतं आणि ज्याला एरवी कोणी विचारत नाही, ते. उजवीकडचं मात्र सरळ. ३.४मध्ये दोन्ही सरळ झाली. शिवाय हॅश, म्हणजे किल्ली आणि किंमत अशा जोड्यांचा संग्रह, छापताना मधल्या बाणाच्या दोन्ही अंगांना एकेक स्पेस आली. बस्स, एवढंच.

एवढ्यावर अनेक रुबी लायब्रऱ्यांच्या टेस्ट धडाधड लाल झाल्या. कोड तोच, उत्तर तेच, चूकही तीच आणि ती पकडलीही बरोबर. बदललं होतं फक्त तक्रारीचं अक्षर.

महाराष्ट्रात ज्याने बोर्डाची परीक्षा दिली आहे त्याला यात नवल वाटू नये. व्याख्या पाठ्यपुस्तकातल्या शब्दांत लिहिली तर दोन मार्क आणि स्वतःच्या शब्दांत लिहिली तर पेपर तपासणाऱ्याच्या मूडवर, हा हिशेब सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. प्रोग्रामिंगच्या भाषा बनवणारी मंडळी आपल्याच भाषेची परीक्षा बऱ्याचदा अशीच घेतात. एक छोटा प्रोग्राम लिहायचा, तो चालवायचा, पडद्यावर जे छापलं जाईल ते टिपायचं आणि शेजारी ठेवलेल्या नमुना-उत्तराच्या फाइलशी अक्षर न अक्षर ताडून पाहायचं. जुळलं तर पास. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर नापास. काल चालत होतं ते आजच्या बदलाने बिघडलं तर नाही ना, हे पाहणाऱ्या या परीक्षेला रिग्रेशन टेस्ट म्हणतात. ती दर बदलानंतर होते आणि मोठ्या प्रकल्पात एका दिवसात कितीतरी वेळा. पेपर तपासणारा यात यंत्र असतो. त्याला मूड नसतो, हा फायदा; आणि दयामायाही नसते.

पण छापील अक्षरांवरच का अडायचं? दोन आकडे आतल्या आत ताडून का पाहू नयेत? याचं सगळ्यात सरळ उत्तर पर्लच्या जन्मात सापडतं. लॅरी वॉल यांनी १८ डिसेंबर १९८७ रोजी पर्लची पहिली आवृत्ती काढली आणि तिच्यासोबत टेस्टही दिल्या. नव्या भाषेची परीक्षा त्याच भाषेत घ्यायची म्हणजे पेच असा की 'जर-तर' चालतं का हे तपासायला 'जर-तर'च वापरावं लागतं, आणि तेच मोडकं असेल तर निकालावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून तिथे अगदी तळापासून सुरुवात आहे. एका फाइलीत एक्स नावाच्या डब्यात शून्य ठेवलं जातं. एक्स एक्सच्या बरोबर असेल तर 'ओके १' छाप. पुढच्याच ओळीत, एक्स एक्सच्या बरोबर नसेल तर 'नॉट ओके १' छाप. शेजारच्या दुसऱ्या फाइलीत वर टीप लिहिलेली आहे, तिचा आशय असा की ही पहिली टेस्ट. आपल्याला टेस्ट चालवता तरी येतात का हे पाहण्यासाठी.

स्वतःशीच बरोबर आहे की नाही हे विचारण्याइतका खालचा प्रश्न तत्त्वज्ञानातही कमी वेळा विचारला गेला असेल. पण यातली हुशारी दाद देण्यासारखी आहे. भाषेचं दुसरं काहीही येत नसलं तरी तिला छापता आलं पाहिजे, एवढंच गृहीत धरलं आहे. टेस्ट आधी सांगते, 'एक ते चार', म्हणजे चार उत्तरं येणार. मग ओके १, ओके २ अशा ओळी येतात. तीन नंबरनंतर प्रोग्राम मध्येच कोसळला तर चौथी ओळ येत नाही आणि बाहेर बसलेल्याला कळतं की विद्यार्थी पेपर अर्धा टाकून पळाला. ही साधी रीत पुढे टीएपी या नावाने पर्लबाहेरही पसरली आणि आजही चालू आहे. परीक्षार्थीने स्वतःच 'माझं बरोबर आहे' असं लिहायचं आणि ते मानलं जायचं, अशी ही जगातली बहुधा सगळ्यात टिकलेली परीक्षापद्धत असावी.

पायथनने दुसरी वाट धरली. तिच्या सुरुवातीच्या काळात टेस्ट आउटपुट छापायची आणि नमुना-उत्तरं 'आउटपुट' नावाच्याच एका फोल्डरमध्ये ठेवलेली असत. प्रत्येक फाइलीत पहिल्या ओळीवर टेस्टचं नाव. ज्या टेस्टसाठी फाइलच नाही, तिने नावापलीकडे काही छापायचं नाही असा संकेत. अशा टेस्टला पास व्हायचं असेल तर गप्प बसणं पुरेसं. नमुना-उत्तर नव्याने तयार करायचं असेल तर टेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला एक बारीकशी खूण द्यायची. मग तो तपासायचं सोडून जे छापलं गेलं तेच नमुना म्हणून लिहून ठेवायचा. या खुणेत पुढच्या सगळ्या गमतीजमतींचं बीज आहे. तिच्याकडे नंतर येऊ.

टिम पीटर्स यांना मात्र एक सुंदर कल्पना सुचली. पायथनच्या जगात हे नाव मोठं आहे. पायथन आणि इतर अनेक भाषा ज्या पद्धतीने याद्या क्रमाने लावतात त्या टिमसॉर्टमधला 'टिम' तो हाच. त्यांची डॉकटेस्ट २००१मध्ये पायथन २.१सोबत आली. पायथन पडद्यावर तीन कोनी चिन्हं दाखवून वाट पाहतो. तुम्ही काही टाइप करता, तो खाली उत्तर छापतो. हा सगळा संवाद जसाच्या तसा उचलायचा आणि फंक्शनच्या माहितीत चिकटवायचा. डॉकटेस्ट ते वाक्य पुन्हा चालवते आणि तेच उत्तर येतं का पाहते. उदाहरण तेच, टेस्ट तीच, पुस्तकातलं उदाहरण खोटं ठरायची सोय नाही.

कल्पना इतकी गोड होती की लोकांनी काहीही चिकटवलं. एखादी वस्तू छापली की पायथन तिचा मेमरीतला पत्ता छापतो, तो दर वेळी निराळा. संच छापला की त्यातल्या वस्तूंचा क्रम ठरलेला नाही. डॉकटेस्टच्या अधिकृत माहितीत या खाचखळग्यांची यादीच आहे आणि तिथे सल्ला असा की संच छापू नका, तो अपेक्षित संचाच्या बरोबर आहे का असं विचारा आणि 'ट्रू' छापा. थोडक्यात, फिरून पुन्हा 'ओके १'.

त्या यादीत दशांश अपूर्णांकही आहेत, आणि ते रास्तच आहे. पायथनला कित्येक वर्षं शून्य दशांश एक असं टाइप केलं की तो शून्य दशांश एक, मग पंधरा शून्यं, मग पुन्हा एक असं लांबलचक उत्तर द्यायचा. ते खोटं नव्हतं. संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांश नेमका मावत नाही आणि तो बिचारा सतरा अंकांपर्यंत प्रामाणिक होता. ३.१ आणि २.७ या आवृत्त्यांपासून तो शहाणा झाला आणि जो सगळ्यात छोटा आकडा परत वाचल्यावर तीच किंमत देईल तो छापू लागला. साधं ०.१. जगाला आनंद झाला. ज्यांच्या नमुना-उत्तरात ती पंधरा शून्यं होती त्यांना सोडून.

डिक्शनरीची कथा याहून मजेदार. पायथनमधल्या डिक्शनरीतल्या नोंदी कोणत्या क्रमाने छापल्या जातील याचं वचन कोणी दिलेलं नव्हतं, पण क्रम बऱ्याचदा रोज तोच यायचा. रोज तोच येतो म्हटल्यावर लोकांनी तो नमुना-उत्तरात लिहून टाकला. मग २०११च्या अखेरीस असं जाहीर झालं की हा क्रम ठरवणारं हॅशचं गणित ओळखून कोणीही मुद्दाम बेतलेला मजकूर पाठवून सर्व्हर गुदमरवू शकतो. उपाय म्हणून २०१२मध्ये आलेल्या पायथन ३.३मध्ये ते गणित प्रत्येक वेळी नव्या यादृच्छिक बीजापासून सुरू होऊ लागलं. परिणाम असा की तीच टेस्ट सकाळी पास, दुपारी नापास, चहा पिऊन आल्यावर पुन्हा पास. ३.७पासून, म्हणजे २०१८पासून, ज्या क्रमाने घातलं त्याच क्रमाने डिक्शनरी बाहेर येईल अशी लेखी हमी मिळाली. संचाला अजूनही नाही.

गो भाषेच्या कर्त्यांनी हाच प्रश्न उलट्या बाजूने धरला. लोक क्रमावर विसंबणारच, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. म्हणून २०१२च्या गो १पासून मॅपमधून, म्हणजे गोच्या डिक्शनरीतून, फिरताना सुरुवात मुद्दाम कुठूनही होते. क्रम नाही असं नुसतं सांगून कोणी ऐकत नाही, तेव्हा तो रोज बिघडवूनच दाखवायचा. गोमध्ये डॉकटेस्टसारखी सोय आहे. उदाहरणाच्या शेवटी टिपणीत 'आउटपुट' असं लिहून खाली अपेक्षित ओळी द्यायच्या. पुढे १.७मध्ये 'क्रमाविना आउटपुट' अशी वेगळी टीपही आली. इतकं सगळं करून झाल्यावर २०१९च्या १.१२मध्ये त्यांनी काय केलं? मॅप छापताना किल्ल्या क्रमाने लावून छापायला सुरुवात केली, आणि आवृत्तीच्या टिपणात कारण दिलं की टेस्ट करणं सोपं जावं. फिरताना गोंधळ, छापताना शिस्त.

याच गावातला आणखी एक नमुना सांगायलाच हवा. प्रोटोबफ नावाची माहिती साठवायची एक पद्धत आहे आणि तिची गोमधली लायब्ररी गूगलची. तिचं मजकुरातलं रूप जसंच्या तसं ताडून पाहू नका असं तिचे कर्ते सांगत राहिले. कोणी ऐकेना. शेवटी त्यांनी लायब्ररीतच अशी योजना केली की छापताना काही ठिकाणी एखादी स्पेस जादा पडेल किंवा पडणार नाही. कधी, ते तयार झालेल्या प्रोग्रामच्या बाइट्सवरून ठरतं. म्हणजे एकाच बिल्डमध्ये उत्तर स्थिर, पण कोडमध्ये कुठेही बदल करून पुन्हा बिल्ड केलं की कदाचित वेगळं. दोन स्पेस पाहून आपल्याच डोळ्यांवर संशय घेणारे प्रोग्रामर या जगात आहेत आणि त्यांची ती दशा ठरवून केलेली आहे.

स्पेसचाच विषय निघाला आहे तर २०२२चा ऑक्टोबर टाळता येत नाही. जगातल्या भाषांमध्ये तारखा, वेळा, आकडे कसे लिहितात याची एक सामाईक वही आहे, सीएलडीआर नावाची. ब्राउझर, जावा, नोड, फोन, सगळे याच वहीतून पाहून लिहितात. त्या महिन्यात आलेल्या ४२व्या आवृत्तीत अमेरिकी इंग्रजी वेळेतल्या 'एएम-पीएम'च्या आधीची साधी स्पेस काढून तिथे एक अरुंद, न तुटणारी स्पेस घालण्यात आली. टायपोग्राफीच्या दृष्टीने बदल चांगला. वेळ एका ओळीवर आणि 'एएम' पुढच्या ओळीवर अशी फारकत होत नाही. हा बदल नोडच्या १८.१३ आवृत्तीत आणि जावाच्या २०व्या आवृत्तीत उतरला. मग जगभरच्या पडद्यांवर असे निकाल झळकले: अपेक्षित '१०:३० एएम', मिळालं '१०:३० एएम', नापास. दोन्ही ओळी एकाखाली एक, डोळ्याला हुबेहूब सारख्या. क्रोम आणि फायरफॉक्सने हात टेकले आणि आपल्यापुरती जुनी स्पेस परत आणली. बाकीच्यांनी नमुना-उत्तरात ती न दिसणारी नवी स्पेस घातली, आणि मग पुढच्या माणसाने ती 'चुकून पडलेली' समजून साफ केली.

याच वहीने ब्रिटिश इंग्रजीत सप्टेंबरचं संक्षिप्त रूप तीन अक्षरांवरून चार अक्षरांवर नेलं. जावात हे १६व्या आवृत्तीपासून, २०२१मध्ये आलं. ज्या टेस्ट आजची तारीख छापून ताडत होत्या आणि महिना तीन अक्षरांचाच असतो असं धरून चालत होत्या, त्या ऑगस्टपर्यंत ठणठणीत आणि ऑक्टोबरपासून पुन्हा ठणठणीत. मधले तीस दिवस तेवढे वाईट.

आणि इथे मराठीचाही एक हिस्सा आहे. सीएलडीआरच्या वहीत मराठीसाठी मूळ अंक देवनागरी धरले आहेत. हिंदीसाठी मात्र इंग्रजी वळणाचे. म्हणून ब्राउझरला मराठीत एक लाख तेवीस हजार चारशे छप्पन्न लिहायला सांगितलं की तो '१,२३,४५६' असं देखणं लिहून देतो. छान. पण जावा आणि अँड्रॉइडमध्ये आकडा मजकुरात बसवायची जी रोजची सोय आहे, ती भाषा वेगळी सांगितली नाही तर फोनची भाषा धरते. फोन मराठीत असला की फाइलच्या नावात किंवा डेटाबेसच्या प्रश्नात इंग्रजी अंकांतल्या बेचाळीसऐवजी देवनागरी ४२ जातं. टेस्ट लिहिणाऱ्याच्या मशीनवर सगळं पास असतं, कारण त्याचं मशीन इंग्रजीत. सांगलीतल्या एखाद्या आजोबांनी फोनची भाषा मराठी केली की तेच अॅप कोसळू शकतं. तुर्की भाषेतल्या 'आय'मुळेही हेच होतं. तो लहान लिपीत आणला की बिनटिंबाचा होतो आणि नमुना-उत्तराशी जुळत नाही. अँड्रॉइड स्टुडिओ अशा जागी पिवळी रेघ मारून सावध करतो. पिवळ्या रेघांकडे लक्ष देणाऱ्यांची जात वेगळी.

ही सगळी भानगड संगणकाच्या फार जुन्या पिढीलाही ठाऊक होती, आणि तिचा बंदोबस्त सगळ्यात कडकपणे केला डोनाल्ड नूथ यांनी. पुस्तकं जुळवण्यासाठी त्यांनी लिहिलेला टेक हा प्रोग्राम म्हणजे स्वतः एक भाषाच आहे. १९८४मध्ये स्टॅनफर्डमधून त्यांनी टेकसाठी एक छळपरीक्षा प्रसिद्ध केली. तिची फाइल अर्थपूर्ण असं काहीही जुळवत नाही; टेकच्या पोटातल्या कोपऱ्याकोपऱ्यात घुसून तिथलं यंत्र फिरवणं एवढंच तिचं काम. निकाल म्हणून जी लांबलचक नोंदवही छापली जाते ती नूथ यांच्या नोंदवहीशी जुळली पाहिजे. जुळवायची तर टेकही खास परीक्षेपुरता बांधावा लागतो: छापील ओळ ७२ अक्षरांवर मोडणारा, चुकीच्या संदेशाची ओळ ६४ अक्षरांची, तिचा पूर्वार्ध ३२ अक्षरांचा, आणि मेमरी तर जेमतेम तीन हजार शब्दांची, म्हणजे उपाशी पोटीच पेपर. ज्या प्रोग्रामला ही परीक्षा झेपत नाही त्याने टेक हे नाव लावायचं नाही.

एवढ्या कडक परीक्षकानेही काही फरक माफ केले आहेत. तारीख वेगळी असणारच. मेमरी किती खर्ची पडली ते थोडं इकडेतिकडे चालेल. आणि शब्दांमधली जागा ताणताना येणाऱ्या अपूर्णांकांचा शेवटचा अंक मशीनगणिक बदलू शकतो, तोही चालेल. नूथ यांनी हे फरक माणसाच्या डोळ्यावर सोपवले. त्यांच्यानंतरच्या मंडळींनी माफीसुद्धा यंत्राकडून करवून घ्यायचं ठरवलं.

पीएचपीच्या टेस्टमध्ये हे जवळून पाहता येतं. दहा हजारांहून जास्त टेस्ट असलेल्या या भाषेची एक टेस्ट म्हणजे एक फाइल आणि फाइलीत आडवे खण. पहिल्या खणात टेस्टचं नाव, दुसऱ्यात चालवायचा कोड, तिसऱ्यात अपेक्षित आउटपुट. तपासणारा प्रोग्रामही पीएचपीतच लिहिलेला. न जुळलं तर तो टेस्टच्या शेजारी मिळालेलं आउटपुट, अपेक्षित आउटपुट, दोघांतला फरक अशा फाइली टाकून जातो, त्यामुळे दहा टेस्ट पडल्या की फोल्डरची अडगळ होते. आता समजा, टेस्ट एक ताकीद छापते आणि ताकिदीत फाइलीचा पत्ता आणि ओळ क्रमांक येतो. पत्ता प्रत्येकाच्या मशीनवर वेगळा. म्हणून अपेक्षित खणाचा एक सैल प्रकार आहे. त्यात पत्त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि एस लिहायचं, म्हणजे 'इथे काहीही मजकूर', आणि आकड्याच्या जागी टक्का आणि डी. टक्का आणि ए लिहिलं तर अनेक ओळींचं काहीही. एखाद्या वैतागलेल्या माणसाने खणात एवढं एकच चिन्ह लिहिलं तर ती टेस्ट कोऱ्या कागदाखेरीज कशालाही पास करेल.

तरी पीएचपी ८.०मध्ये, २०२०च्या नोव्हेंबरात, न भरलेल्या व्हेरिएबलबद्दलची सूचना बढती मिळून ताकीद झाली, तिच्या मधलं विसर्गासारखं चिन्ह गेलं आणि नावापुढे डॉलर आला. सैल खणही अशा वेळी कामाला येत नाही. जिथे जिथे तो संदेश नमुना-उत्तरात होता तिथे तिथे हात फिरवावा लागला.

सैलपणाची खरी जोखीम एलएलव्हीएमवाल्यांना विचारावी. क्लँग, रस्ट, स्विफ्ट अशा अनेक कंपायलरांच्या पोटात जे यंत्र आहे ते हे. तिथे सगळं आउटपुट ताडत नाहीत. टेस्टमध्येच टिपणी म्हणून 'चेक' आणि कोलन लिहायचं आणि पुढे ती ओळ आउटपुटमध्ये दिसली पाहिजे असं सांगायचं. तपासनीस प्रोग्राम फक्त या शब्दाने सुरू होणाऱ्या सूचना वाचतो, बाकी सगळं त्याच्या लेखी टिपणी. म्हणून कोणी घाईत 'चेक'चं स्पेलिंग चुकवलं किंवा कोलन विसरलं की ती सूचना गुपचूप टिपणी होते. फाइलीत एकही 'चेक' नसेल तर तो कुरकुरतो, पण दहापैकी एक चुकला तर त्याला पत्ता नसतो. अशा टेस्ट वर्षानुवर्षं हिरव्या राहिल्या आहेत आणि त्यातली स्पेलिंगं सुधारणारे बदल एलएलव्हीएममध्ये वारंवार आले आहेत. सुधारल्यावर काही टेस्ट पडतात, तेव्हा कळतं की एवढी वर्षं त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. 'हे छापलं जाऊ नये' अशी उलट सूचना तर त्याहून बेरकी. मूळ संदेशाचे शब्द बदलले की ती कायमची खरी होते.

मग इतका त्रास असूनही लोक छापील आउटपुट का ताडतात? कारण माणूस हाताने लिहिलेल्या टेस्टमध्ये तेवढंच तपासतो जेवढं त्याला सुचतं. बेरीज बरोबर आली का, हे तो विचारेल. बेरजेखाली एक फालतू ताकीद दोनदा छापली जाते आहे, हे त्याच्या गावीही नसेल. सगळं आउटपुट ताडणारी टेस्ट न सुचलेलंही पकडते. पन्नास खोट्या आरोळ्यांत एक खरी असते आणि ती दुसऱ्या कुठल्याच टेस्टने दिलेली नसते. शिवाय काही भाषांत छापलेला संदेश हाच माल असतो. रस्टच्या कंपायलरचे चुकांचे संदेश इतके निगुतीने लिहिलेले असतात की लोक त्यासाठी भाषेची स्तुती करतात, आणि त्यांच्या टेस्टमध्ये प्रत्येक संदेशाची प्रत शेजारच्या फाइलीत ठेवलेली असते, बाणांसकट आणि अधोरेखांसकट. त्यातले ओळ क्रमांक पुसून तिथे 'एलएल' घालतात, म्हणजे फाइलीत वर एक ओळ वाढली तर आभाळ कोसळू नये.

या टेस्ट चालवताना 'ब्लेस' असं सांगितलं की कंपायलरने आत्ता जे छापलं तेच पुढचं नमुना-उत्तर होतं. पायथनची जुनी खूण हीच होती. टाइपस्क्रिप्टमध्ये याला 'अॅक्सेप्ट' म्हणतात, हॅस्केलच्या जीएचसीतही 'अॅक्सेप्ट', ओकॅमलमध्ये 'प्रमोट'. विद्यार्थ्याने लिहिलेलं उत्तर न वाचता त्यालाच मॉडेल आन्सर म्हणून जाहीर करण्याची सोय इतक्या मानाच्या नावांनी आणखी कुठे मिळत नाही.

सोय वापरली जाते ती अशी. कोणीतरी मदतीच्या एका वाक्यातला 'कृपया' काढतो. तीनशे फाइली बदलतात. तो आज्ञा देतो, तीनशे नमुने नवे होतात, सगळं हिरवं होतं आणि बदल तपासायला सहकाऱ्याकडे जातो. सहकारी पहिल्या दहा फाइली डोळ्यांत तेल घालून पाहतो, पुढच्या तीस नुसत्या, आणि मग माउसचं चाक फिरवत तळाशी पोचतो. दोनशे सतराव्या फाइलीत 'कृपया'सोबत एक संपूर्ण इशाराही नाहीसा झालेला असतो. टेस्टने तो पकडलेला असतो, दाखवलेला असतो, लाल रंगात उणे चिन्हासकट. फक्त वाचणारा कोणी नसतो. लेखी मंजुरीची ही पद्धत ज्यांनी सरकारी फाइलींवर सह्या होताना पाहिल्या आहेत त्यांना समजावून सांगायला नको. तरीही शहाणे प्रकल्प एक पथ्य पाळतात: शब्द बदलणारा बदल वेगळा आणि वागणूक बदलणारा वेगळा, म्हणजे दुसऱ्यात एकही नमुना हलला तर तो नजरेत भरतो. पथ्य चांगलं आहे. पाळलंही जातं, सोमवार ते गुरुवार.

जीसीसी या जुन्याजाणत्या कंपायलरच्या परीक्षेत एक जास्तीचा निकालही आहे. तिथल्या डेजाग्नू या तपासनिसाकडे पास आणि फेल यांच्या जोडीला 'अपेक्षेप्रमाणे फेल' असा प्रकार आहे. एखादा बग माहीत आहे, दुरुस्त करायला कोणाला वेळ नाही. मग टेस्टवर तशी चिठ्ठी लावून ठेवायची, म्हणजे ती पडली तरी कोणी घाबरत नाही. अशा चिठ्ठ्या वर्षानुवर्षं लागलेल्या असतात. मग कोणी एक जण भलतंच काही दुरुस्त करतो आणि त्या धक्क्याने हा जुना बगही सुटतो. टेस्ट चक्क पास होते. डेजाग्नू या घटनेची नोंद 'अनपेक्षित पास' अशी करतो, आणि तिला अपयशाच्याच रांगेत बसवून सगळी परीक्षा बिघडल्याचा इशारा देतो. ज्याच्या हातून बग सुटला त्याला निरोप जातो की तुमच्या बदलामुळे एक टेस्ट पास होऊ लागली आहे, कृपया लक्ष घाला. तो चिठ्ठी काढतो, पुन्हा चालवतो, आणि यावेळी नुसता 'पास' येतो.